श्रमदानाला आलेली तेवीस माणसं

गुनवोर: परत सांग.

अर्नफिन: हळू बोल गं. पलीकडे माणसं बसलीत.

गुनवोर: बसू देत! चव्वेचाळीस वर्षं तुझ्याबरोबर संसार केला, आणि आज कोर्टात साक्ष द्यायला जाताना बोटीत तू मला सांगतोस, की सात वर्षांपूर्वी त्या शनिवारी तू हाल्वारच्या होडीघरावर गेलाच नव्हतास?

अर्नफिन: नव्हतो गेलो.

गुनवोर: तासभर तरी?

अर्नफिन: पाऊलही ठेवलं नाही.

गुनवोर: अरे देवा. मग होतास कुठे? सकाळी हातोडा घेतलास, खिळ्यांची पिशवी घेतलीस, माझ्या डोळ्यांदेखत होडीत बसलास ना?

अर्नफिन: बसलो. टेकाडाला वळसा घातला, मागच्या खडकाआड नांगर टाकला. गळ लावून बसलो दिवसभर.

गुनवोर: आणि माझे वॉफल? चाळीस वॉफल केले होते मी! श्रमदानाला आलेल्या सगळ्यांना पुरावेत म्हणून पहाटे पाचला उठून!

अर्नफिन: सहा खाल्ले.

गुनवोर: आणि बाकीचे?

अर्नफिन: सीगल होते बरेच.

गुनवोर: सीगल! संध्याकाळी मी विचारलं, कसे झाले होते, तर म्हणालास, एक उरला नाही.

अर्नफिन: ते काही खोटं नव्हतं.

गुनवोर: हसायला लावू नकोस मला. का नाही गेलास? तू? कुणाचं काही काम निघालं की सगळ्यात आधी जाऊन उभा राहणारा माणूस तू!

अर्नफिन: गावाचं काम असतं तर गेलोच असतो. धक्का दुरुस्त करायचा, शाळेचं कुंपण घालायचं, कधी चुकलोय? पण गुरुवारी दुकानाच्या दारावर ती चिठ्ठी पाहिली. शनिवारी श्रमदान, उरलेलं रविवारी, हाल्वारचं होडीघर उभारायचंय, सगळ्यांनी यावं. तेव्हा तो मंत्री होता, गुनवोर. आणि होडीघर कसलं ते, वर चार खोल्या आणि समुद्राकडे काचेची भिंत. डोकंच फिरलं माझं. ऐष त्याची आणि कंबर मोडायची माझी? मनात म्हटलं, सगळं गाव असेल तिथे. मी एक नसलो तर काय आभाळ कोसळतंय?

गुनवोर: मग तसं तोंडावर सांगायचंस.

अर्नफिन: श्रमदानाला येत नाही, असं तोंडावर? आपल्या गावात? ओलाव बिचारा एकदाच आला नव्हता नाचघर रंगवायला, पाठ दुखत होती म्हणून. मरून नऊ वर्षं झाली, अजून त्याला पाठदुख्या ओलावच म्हणतात.

गुनवोर: मीच म्हणते.

अर्नफिन: तूच म्हणतेस.

गुनवोर: आणि त्या यादीवर सही? ती कशी केलीस?

अर्नफिन: मंगळवारी तो स्वतः आला, केक घेऊन. तू घरी नव्हतीस. म्हणाला, "अर्नफिन, शनिवारी आलास, फार बरं वाटलं. गर्दीत धड बोलणं झालं नाही आपलं." आधी वाटलं, टोमणा मारतोय. मग वाटलं, एवढ्या गर्दीत याच्या लक्षातच आलं नाही. सुटलो! त्यानं कागद पुढे केला. आलेल्यांची नावं आहेत, म्हणाला, चौकट करून भिंतीवर लावणार. केली सही.

गुनवोर: भिंतीवर! आता तीच यादी कोर्टात लावलीय त्यानं. सरकारी वकील म्हणतोय, सॅमनवाल्या कंपनीनं त्याला होडीघर फुकट बांधून दिलं, म्हणून त्यानं तिला आपल्या खाडीत तीन ठिकाणी मासे पाळायची परवानगी दिली. आणि हा म्हणतो, छे हो, माझ्या गावानं दोन दिवस राबून बांधलं, ह्या बघा तेवीस सह्या! त्यातली एक माझ्या नवऱ्याची, जो खडकाआड बसून सीगलना जेवू घालत होता!

अर्नफिन: म्हणून तर सांगितलं. दोन तासांनी मला खरं बोलण्याची शपथ घ्यायचीय.

गुनवोर: मग काय बोलणार आहेस?

अर्नफिन: तेच कळत नाहीये. हे बघ. बाकीचे बावीस जण गेले होते. म्हणजे होडीघर गावानंच बांधलं. आता मी "होतो" म्हटलं तर मी खोटा, पण न्याय खरा होतो. "नव्हतो" म्हटलं तर सरकारी वकील म्हणेल, बघा, यादीच बनावट. म्हणजे माझ्या आळसापायी एक निर्दोष माणूस तुरुंगात. आणि माणूस कोण? ही बोट बंद करायला निघाले होते तेव्हा राजधानीत जाऊन भांडला तो हाल्वार. पुढची बारा वर्षं हिच्या इंजिनावर मी पोट भरलं ते त्याच्यामुळे.

गुनवोर: त्याच्या परवानगीमुळे आपल्या खाडीत आता एक कॉड गळाला लागत नाही, तेही त्याच्यामुळेच. अंडी घालायच्या जागेवरच जाळी टाकली मेल्यांनी. मासेखात्याचे तपासनीस नको नको म्हणत होते.

अर्नफिन: परवानगी चुकीची असेल. पण लाच? लाच वेगळी.

गुनवोर: गप्प. सीव्हर्ट येतोय. त्यालाही साक्षीला बोलावलंय ना?

सीव्हर्ट: काय म्हणतंय जोडपं! अरे, बोटीत बसून नुसती कॉफी? दुकान बंद करून पाच वर्षं झाली, पण माणसांना खायला घालायची माझी खोड काही जात नाही. घ्या, स्वेले आणलेत, जाड गोड घावनं, गरम आहेत. लोणी दोन्ही बाजूंना लावून घेतलंय. घे गं.

गुनवोर: ठेव तिथे.

सीव्हर्ट: साक्षीदारांनी आपसात बोलू नये म्हणतात. मी म्हणतो, दोघांना खरंच बोलायचंय तर बोलायला भीती कसली? आठवतंय ना अर्नफिन? छपरावर मी, खाली शिडी धरून तू.

अर्नफिन: सीव्हर्ट, ऐक...

सीव्हर्ट: ऊन काय होतं त्या दिवशी! माझ्या टकलाच्या साली निघाल्या होत्या. तू खालून ओरडलास, "टोपी घाल म्हाताऱ्या!" सांगायचं, हे पण सांगायचं. असले बारकावे सांगितले की न्यायाधीशांना पटतं.

गुनवोर: आठवतं का रे अर्नफिन, टोपीचं?

अर्नफिन: मी शिडी धरली नव्हती.

सीव्हर्ट: बरं, तू नसशील. दुसऱ्या कुणी धरली असेल.

अर्नफिन: मी तिथे नव्हतोच, सीव्हर्ट. श्रमदानाला आलोच नव्हतो.

सीव्हर्ट: थट्टा करतोयस.

गुनवोर: थट्टा नाही. आत्ताच मी ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीन गेलीय. म्हणजे, बोटीची फळी म्हण.

सीव्हर्ट: पण... पण सात वर्षं मी ही शिडीची गोष्ट सांगतोय! तुझ्या साठीच्या... नाही, तुझ्या सत्तरीच्या जेवणात सांगितली, उभं राहून! दर वेळी तू मान हलवलीस!

अर्नफिन: हलवली. तू इतका ठासून सांगायचास. मला वाटायचं, धरली असेल कुणी शिडी, याला वाटतंय मी होतो. बरंच आहे म्हणायचो.

सीव्हर्ट: अरे, पण मी तर समजत होतो की तू...

गुनवोर: काय समजत होतास?

सीव्हर्ट: काही नाही.

गुनवोर: कॉफी सांडतेय तुझी.

सीव्हर्ट: सांडू दे.

गुनवोर: सीव्हर्ट, माझ्याकडे बघ. शिडी कुणी धरली होती?

सीव्हर्ट: शिडी कसली गं!

गुनवोर: म्हणजे?

सीव्हर्ट: म्हणजे मी तळघरात होतो. दुकानाच्या तळघरात. दोन्ही दिवस. वर दुकानाचे पडदे ओढून खाली बसलो होतो बटाट्यांच्या पोत्यावर. रेडिओसुद्धा लावला नाही, रस्त्यावरून कुणाला ऐकू जाईल म्हणून.

अर्नफिन: तू?

सीव्हर्ट: ती चिठ्ठी माझ्याच दारावर लावली त्यानं, मला न विचारता! मीच चिकटपट्टी दिली वर! मला राग आला होता रे. म्हटलं, एवढं सगळं गाव जाईल, मला कोण शोधतंय?

अर्नफिन: मग मला का घातलंस गोष्टीत?

सीव्हर्ट: कारण तू गेला असणारच, याची मला खात्री होती! तू कधी चुकत नाहीस. ज्याला सगळे मानतात त्याच्या शेजारी स्वतःला उभं केलं. आणि तू "हा नव्हता" असं म्हणाला नाहीस, तेव्हा मला भरून आलं होतं. वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस, माझी अब्रू राखतोय.

अर्नफिन: तुझी कुठली, माझीच राखत होतो.

गुनवोर: थांबा दोघं. सीव्हर्ट, तू सही कधी केलीस?

सीव्हर्ट: मंगळवारी. तो केक घेऊन आला. म्हणाला, शनिवारी आलास, फार बरं वाटलं...

अर्नफिन: गर्दीत धड बोलणं झालं नाही आपलं.

सीव्हर्ट: तुला कसं ठाऊक?

गुनवोर: अगं आई गं.

सीव्हर्ट: तुला कसं ठाऊक, अर्नफिन? दुकानात आम्ही दोघंच होतो!

गुनवोर: तो पेपर दे इकडे. यादी छापलीय ना सगळी? वाचते मी. बोर्गहिल्ड. ही काय म्हणते?

सीव्हर्ट: काचा पुसल्या म्हणते. तूरिडबरोबर.

गुनवोर: आणि बेकरीतली तूरिड?

सीव्हर्ट: तिला विचारलं की ती म्हणते, बोर्गहिल्डला विचारा, तिला सगळं लक्षात आहे.

गुनवोर: उल्फ?

अर्नफिन: उल्फ म्हणतो, सीव्हर्ट छपरावर खिळे ठोकत होता ते मी या डोळ्यांनी पाहिलं.

सीव्हर्ट: मला? छपरावर?

अर्नफिन: शाळेतले मास्तर?

सीव्हर्ट: मास्तर सांगतात, अर्नफिनच्या घरचे वॉफल खाल्ले. काय चव होती म्हणतात! दोनदा सांगितलंय मला.

गुनवोर: मास्तरांनी? मास्तरांनी माझे वॉफल? अर्नफिन, कुणीच नव्हतं तिथे. एक माणूस नव्हता. तेवीसच्या तेवीस जण घरात लपून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

अर्नफिन: असं कसं होईल? होडीघर तर उभं राहिलं. तू स्वतः पाहिलंस. कपडे वाळत घालताना पाहिलंस, पलीकडच्या तीरावर माणसं छपरावर चढलेली. तूच सांगतेस सगळ्यांना.

सीव्हर्ट: हो, तू सांगतेस! मीही तुझ्याकडूनच ऐकलं. म्हणून तर छपराची गोष्ट रचली!

अर्नफिन: गुनवोर?

सीव्हर्ट: पाणी देऊ का तिला?

गुनवोर: नको. पाहिली होती मी माणसं. आठ-दहा होती. सगळ्यांच्या अंगात सारखे पिवळे कोट. मी म्हटलं, हाल्वारनं सगळ्यांना कोट दिलेले दिसतात, हौशी आहे. माझ्या हातात ओला टॉवेल होता, तो मी हलवला. छपरावरच्या एकानं हात केला मला. चांगला दोन्ही हातांनी. मला वाटलं, तू.

अर्नफिन: मी नव्हतो.

गुनवोर: कळलं रे आता! सात वर्षं बायकांत मिरवतेय मी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझा नवरा मला छपरावरून हात करतो. कोण होता तो मेला?

सीव्हर्ट: पिवळे कोट म्हणालीस?

गुनवोर: पिवळे. पाठीवर काळा पट्टा.

सीव्हर्ट: कंपनीचे आहेत ते. माझी मुलगी सीलिये रोज तसलाच घालून कामावर जाते.

अर्नफिन: म्हणजे त्याला माहीत होतं.

सीव्हर्ट: काय माहीत होतं?

अर्नफिन: सगळंच. शनिवारचं काम आणि चिठ्ठी लावतो गुरुवारी. वर्षातला पहिला उन्हाचा शनिवार, सतरा मेच्या, राष्ट्रदिनाच्या आधीचा, घरोघरी शंभर कामं. आपल्यातच वाढला तो. मंत्र्याच्या बंगल्यावर राबायला आपण येणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि आलो नाही असं आपण मेलो तरी म्हणणार नाही, हेही. त्याला श्रमदान नकोच होतं. आपली लाज हवी होती त्याला, आणि ती त्यानं घरोघर फिरून गोळा केली.

गुनवोर: केक देऊन!

सीव्हर्ट: नाही नाही. थांब. माणूस इतका... तो माझ्या बायकोच्या मयताला आला होता रे. शवपेटीला खांदा दिला त्यानं.

अर्नफिन: आला होता. म्हणून तर माझं डोकं चालत नाहीये.

गुनवोर: आता काय सांगणार तुम्ही दोघं?

सीव्हर्ट: मी होतो असंच सांगणार.

गुनवोर: सीव्हर्ट!

सीव्हर्ट: ओरडू नकोस. सीलियेची नोकरी आहे तिथे. तिचा नवराही तिथेच. कंपनी बुडाली तर गावात उरणार कोण, तू आणि मी? आणि मी कोर्टात उभा राहून काय सांगू, बटाट्यांवर बसलो होतो? पेपरात येईल ते. माझ्या नातवंडांना शाळेत चिडवतील.

अर्नफिन: खोटी साक्ष दिली तर तुरुंग आहे.

सीव्हर्ट: खोटं कोण म्हणेल? तूच म्हणशील ना? तू म्हणशील का, अर्नफिन?

अर्नफिन: चला, बोट लागली. गाडीत बसायला हवं.

सीव्हर्ट: मी विचारलं तुला काहीतरी.

(त्याच दिवशी, दुपार कलताना. परतीची बोट यायला अजून वीस मिनिटं. सीव्हर्ट धक्क्यावरच्या बाकावर कधीपासून एकटाच बसलाय. साक्ष आटोपल्याबरोबर तो कोर्टातून निघून आला होता. गाडी रांगेत लावून गुनवोर आणि अर्नफिन त्याच्याकडे येतात.)

गुनवोर: सरक.

सीव्हर्ट: तुम्ही बसा. मी उठतो.

गुनवोर: बस म्हणते ना. मी मागच्या रांगेत होते. तुझं सगळं ऐकलं.

सीव्हर्ट: मी खोटं नाही बोललो.

गुनवोर: नाही. "आठवत नाही" म्हणालास. अकरा वेळा. मी बोटांवर मोजलं, बोटं संपली. सात वर्षं टकलाच्या साली आठवत होत्या आणि आज एकदम धुकं पसरलं!

अर्नफिन: सोड त्याला.

सीव्हर्ट: सरकारी वकिलानं शिडीचं विचारलं आणि माझी जीभच वळेना. हाल्वार समोर बसला होता. निळा स्वेटर घालून. हसला माझ्याकडे बघून, नेहमीसारखा. तू काय बोललास, अर्नफिन?

अर्नफिन: जे होतं ते.

सीव्हर्ट: खडकाआड वगैरे?

गुनवोर: सगळं! सीगलसकट! अख्खं कोर्ट हसलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आणि मग त्यानं मंगळवारचं सांगितलं. केक. आणि ते वाक्य, गर्दीत धड बोलणं झालं नाही आपलं. तिथे हसू थांबलं.

सीव्हर्ट: का?

गुनवोर: कारण माझ्या पुढच्या रांगेत आपलंच गाव बसलं होतं ना, हाल्वारला धीर द्यायला आलेलं. सगळ्यांच्या माना माझ्यासमोर. लाल झाल्या रे, एकेक करून. बोर्गहिल्डची, उल्फची. आणि तूरिड उठून उभी राहिली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, बाई, तुम्ही साक्षीदार नाही, खाली बसा. तर म्हणते कशी, मला बसवत नाही. मला पण तो हेच म्हणाला होता.

सीव्हर्ट: तूरिड म्हणाली? सगळ्यांदेखत?

गुनवोर: रडत म्हणाली. न्यायाधीशबाईंच्या शेजारी ती दोन साधी माणसं बसतात ना निवाड्याला, एक बसचालक आहे म्हणे. तो टेबलाकडे बघत राहिला. त्यालाही कधीतरी श्रमदान चुकवलेलं आठवलं असणार, पैजेवर सांगते.

सीव्हर्ट: आणि हाल्वार?

अर्नफिन: त्याच्याकडे बघायचं धाडस नाही झालं मला.

गुनवोर: मी बघितलं. हसतच होता. चेहरा तसाच राहून गेला होता त्याचा, बदलायचं विसरला होता. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते.

सीव्हर्ट: मग पुढे काय?

गुनवोर: त्याची वकीलबाई उठली, म्हणाली, आम्ही ती यादी मागे घेतो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, ती आता तुमची राहिली नाही. यादीतल्या सगळ्यांना बोलावलंय. आणि मलाही, उद्याच. पिवळ्या कोटांसाठी.

सीव्हर्ट: सुटत नाही मग तो.

अर्नफिन: वाटत नाही सुटेल असं.

सीव्हर्ट: त्या वकीलबाईनं तुला छळलं असेल.

अर्नफिन: एकच विचारलं तिनं. म्हणाली, "सात वर्षं तुम्ही शेजाऱ्यांशी, बायकोशी खोटं बोललात. तुम्हाला लाज नाही वाटली?"

सीव्हर्ट: मग?

अर्नफिन: म्हटलं, वाटली ना. म्हणूनच तर सही केली.

गुनवोर: बोट आली. चला.

सीव्हर्ट: गुनवोर, उद्या सकाळी पहिली बोट कितीला आहे?

गुनवोर: सव्वासहाला. का?

सीव्हर्ट: जाताना मला हाक मारा.